लोहारांची भावकी

माझं आडनाव लोहार. नवीन माणसाला सांगितलं की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तो "अच्छा अच्छा" म्हणून विषय बदलतो, नाहीतर "मूळ गाव कुठलं?" असं विचारतो. या प्रश्नाचा गावाशी काडीचाही संबंध नसतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि मलाही! त्यामुळेच असेल कदाचित, पण आडनावं जमवायचा मला जुना नाद आहे. त्यातही आमच्या भावकीची, म्हणजे जगभरच्या लोहारांची.

आणि भावकी केवढी म्हणाल तर विचारू नका. इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट, पोलंडचा कोवाल्स्की, हंगेरीचा कोवाच, रशियाचा कुझ्नेत्सोव्ह, अरबांचा हद्दाद, तुर्कांचा देमिर्जी... सगळे आमचेच. लॅटिनमध्ये कारागिराला फाबेर म्हणत. त्याचं फ्रान्सच्या दक्षिणेत फाब्र झालं आणि उत्तरेत लफेव्र. इटलीत लोखंडाला फेर्रो म्हणतात, त्यावरून फेरारी. म्हणजे ती करोडो रुपयांची लाल गाडी चक्क लोहारांची! (आपल्याकडे तिला 'फरारी' म्हणतात ते सोडा.) एन्झो फेरारीच्या वडिलांचा मोदेना शहरात खरोखरच लोखंडकामाचा कारखाना होता, हे वाचून मला उगाचच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं.

एवढे लोहार झाले कसे? कारण साधं आहे. गावात शेतकरी पन्नास, मग 'शेतकरी जॉन' म्हणून हाक मारली तर कोण ओ देणार? लोहार मात्र एखादाच. त्याचा धंदा हीच त्याची खूण. इंग्लंडमध्ये साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात या खुणा बापाकडून मुलाकडे जाऊ लागल्या. पण धंदा बरोबर गेलाच असं नाही. १३७९ आणि १३८१ मध्ये तिथे डोईपट्टी बसली होती, तिच्या याद्यांत आडनाव एक आणि उद्योग दुसराच अशी माणसं तेव्हाच सापडतात. पुढे अर्थशास्त्रवाला अ‍ॅडम स्मिथ झाला, त्याचे वडील तर वकील, कस्टम्समधले अधिकारी. त्याचं नाव ऐकून कुणाला भाता आठवत नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडेही कामावरून आडनावं ढिगाने आहेत, आणि लोक ती मिरवतात. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस. यातला 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. थोडक्यात सगळे कारकून (कुणी रागावू नका). १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा पदांची फारसी नावं बदलून संस्कृत केली. डबीराचा सुमंत झाला, मुजुमदाराचा अमात्य, वाकनिसाचा मंत्री. पण आडनावांनी राजाज्ञा काही पुरती ऐकली नाही. आज डबीरही आहेत आणि सुमंतही, मुजुमदारही आहेत आणि अमात्यही.

मुद्दा असा की चिटणीस म्हटलं की लोकांना दरबार दिसतो. लोहार, कुंभार, सुतार, न्हावी म्हटलं की गावाबाहेर पडायची वाट दिसते. कारण ते आडनाव नव्हतंच मुळी, ती जात होती. स्मिथचा मुलगा शिंपी होऊ शकत होता. आमच्याकडे लोहाराचा मुलगा भात्याशी बसणार हे तो जन्मायच्या आधीच ठरलेलं. फाळ, कुळवाच्या फासा, विळे, खुरपी, गाडीच्या चाकाची धाव, हे सगळं वर्षभर गावाला करून द्यायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुत्याची वाट बघत उभं राहायचं. उभं राहायचं हं, बसायचं नाही. आजोबा हे सांगताना कधी चिडत नसत, याचाच मला राग यायचा.

बरं, आमचं खरं आडनाव पवार. वडिलांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी आजोबांना नाव विचारलं, आडनाव विचारलंच नाही. सगळ्या गावाला माहीत होतं की आम्ही कोण! रजिस्टरात 'लोहार' पडलं ते पडलंच. धाकट्या काकांनी नोकरी लागल्यावर गॅझेटमध्ये छापून आडनाव बदललं आणि गावाच्या नावापुढे 'कर' लावलं. त्यांना भाड्याने घर शोधताना काय काय ऐकावं लागलं ते मला ठाऊक आहे, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवणार नाही. आयर्लंडमध्येही मॅगावन, म्हणजे 'लोहाराचा पोर', अशा आडनावाच्या कितीतरी लोकांनी इंग्रजी अमदानीत ते बदललं. बदलून काय केलं, तर स्मिथ! नाव गेलं, लोहार राहिला. काकांच्या जातीच्या दाखल्यावरही अजून लोहारच आहे म्हणा.

सध्या आमच्या घरात हाच विषय चालू आहे. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला. बोर्डाच्या सर्टिफिकेटवर एकदा नाव छापलं की पुढे बदलणं म्हणजे हेलपाटे, तेव्हा आत्ताच काय ते उरकून घ्या, असा काकांचा रोज फोन असतो. बायकोला पटतंय. आईचं म्हणणं, बदलायचंच तर पवार लावा, ते तरी आपलं आहे. मी मुलीला स्मिथ-कोवाचचं सगळं पुराण ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, पण कोवाचला वर्गात कुणी 'म्हणजे कोण?' असं विचारत नसेल ना?"

फॉर्म टेबलावर आहे. नावाची चौकट तिने अजून भरलेली नाही, आणि मीही भरा म्हणून मागे लागलेलो नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे.