बोट लागली, पण कोणाला?

घाटातली वळणं सुरू झाली, की तुमच्यापैकी कितीजणांना एसटी लागते? हात वर करा पाहू! तशीच बोटही लागते बरं का. आणि ती फक्त लहानांनाच लागते असं मुळीच नाही. ऐका माझीच फजिती.

फेब्रुवारीत आमच्या चौथीची सहल अलिबागला गेली. सकाळी गेट वे ऑफ इंडियाहून लाँच सुटली. समुद्र अगदी शांत! सीगल पक्षी मागे मागे येत होते. तासाभरात मांडवा आलं. ओहोटी होती, म्हणून कुलाबा किल्ल्यात चालतच गेलो. दुपारी परत निघालो, तर वारा सुटलेला. लाँच लाटांवर वरखाली आपटू लागली. मी मान खाली घालून यादीतली नावं ताडून पाहत होते. थोड्याच वेळात दरदरून घाम फुटला, मळमळू लागलं. चाळीस मुलांची बाई, आणि मलाच धड उभं राहवेना!

तेवढ्यात कोळीवाड्यातली एक मुलगी जवळ आली. वर्गात कधी तोंड न उघडणारी! माझ्या हातातली यादी काढून घेत म्हणाली, "बाई, खाली नका बघू. लांब बघा, आभाळ टेकतंय तिथं!" तिनं मला लाँचच्या मध्यावर, वारा लागेल असं बसवलं, हातात पिशवी दिली. पाच-दहा मिनिटांत जिवात जीव आला.

असं का होतं? आपल्या कानाच्या आत द्रवानं भरलेल्या तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. हालचाल त्यांना कळते. कान सांगतो, 'आपण हलतोय'. कागदावरचे डोळे सांगतात, 'छे, सगळं स्थिर आहे!' मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. क्षितिजाकडे पाहिलं, की दोघांचं जमतं.

तेव्हा बोटीत वाचू नका. निघण्यापूर्वी तळकट खाऊ नका, पण उपाशीही राहू नका. बोटीच्या मध्यभागी हेलकावे कमी बसतात, तिथं बसा. उलटी आली तर कठड्यावरून वाकू नका, पिशवी वापरा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधीच.

आणि लाजू तर अजिबात नका! १८३१ ते १८३६ 'बीगल' जहाजावरून जगप्रवास करणाऱ्या चार्ल्स डार्विनलाही बोट लागायची.

दुसऱ्या दिवशी भरती-ओहोटीचा धडा होता. तो मी शिकवला नाही. फळ्यापाशी ती मुलगी उभी होती, आणि मी तिच्या बाकावर बसून ऐकत होते.