न्यूट्रल

अंबड चौफुलीच्या अलीकडे माझ्या मामांचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याचे छप्पर, एक खड्डा, साखळी-कप्पी आणि भिंतीला टांगलेले पाने. सकाळचे कॉलेज सुटले की मी तेथे जातो. हिशेब लिहितो, आणि इंग्रजी वाचायचे असले की वाचतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजीचे खाते आपोआप माझ्याकडे आले.

गेल्या दिवाळीच्या सुमारास एक गिऱ्हाईक आपली ऑटोमॅटिक गाडी घेऊन आले. डिकीत गोणपाटात गुंडाळलेले एक स्टिअरिंग होते. त्याच कंपनीच्या वरच्या मॉडेलचे, अपघातात मोडलेल्या गाडीतून काढलेले. त्याच्या मागे दोन्ही अंगांना कानांसारख्या दोन पट्ट्या. उजवीवर अधिकची खूण, डावीवर उण्याची. बोटाने ओढली की गिअर वर किंवा खाली. गिऱ्हाइकाचे रोज समृद्धी महामार्गाने जाणे-येणे. हे आपल्याही गाडीला हवे, एवढीच त्यांची मागणी.

मामा हसले. स्टिअरिंगपाशी गिअर ही त्यांना काही नवलाई नव्हती. १९८९ साली सातवीतून शाळा सोडून ते पान्याला लागले, तेव्हा पहिला हात बसला तो प्रीमिअर पद्मिनीवर. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांडीलाच असे. (याच गाडीच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचा निरोप घेतला.) योगायोग असा, की त्याच १९८९ साली ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेलने फेरारीची अशी पट्ट्यांच्या गिअरची गाडी पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवली. मी हे मामांना सांगितले. ते म्हणाले, "असंल. मी तवा दहाचा पाना शोधायलो होतो."

पण पद्मिनीचा दांडा खरोखर गिअर ओढी. ही पट्टी काहीच ओढत नाही. ती नुसता अर्ज करते. तारेतून अर्ज गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे जातो आणि मंजूर करायचा की नाही ते तो ठरवतो. इंजिन फार जोरात फिरत असेल, तर खालचा गिअर तो देतच नाही. आता स्टिअरिंग फिरते, मग त्यातल्या तारा पिळून तुटत का नाहीत? त्यासाठी स्टिअरिंगमागे एक चपटी डबी असते. तिच्यात फितीसारखी तार घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. हॉर्न आणि एअरबॅग याच फितीवर चालतात. तिला स्पायरल म्हणतात. गिऱ्हाइकाच्या गाडीतल्या स्पायरलमध्ये पट्ट्यांच्या तारा नव्हत्या. म्हणून मोडक्या गाडीचा स्पायरलही बसवायचा होता.

मोबाईलवर पुस्तिका उघडून मी वाचू लागलो. बॅटरीची ऋण तार काढून थांबायचे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत वीज थोडा वेळ शिल्लक राहते. मामांनी तेवढ्यात चहा घेतला. मला मोठे बरे वाटले. मी सांगतो आणि मामा करतात, असे कधी झाले नव्हते.

पुढच्या ओळीत स्पायरल 'न्यूट्रल' स्थितीत आणायला सांगितले होते. न्यूट्रल म्हटल्यावर मला पुढे वाचावेसे वाटले नाही. "मामा, गाडी न्यूट्रलला घ्या."

"बॅटरी काढल्यावर न्यूट्रल कामून?"

"पुस्तकात आहे."

मामा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग "पुस्तकात असंल तर असंल," म्हणून त्यांनी चाकांना विटा लावल्या आणि गिअरजवळच्या फटीत पेचकस घालून, कुलूप सोडवून, गाडी न्यूट्रलला घेतली. स्पायरल जसा हातात आला तसाच बसला. गाडी सुरू झाली, पट्ट्या चालल्या, गिऱ्हाइकाने पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात गाडी वळवताना स्टिअरिंग टोकापर्यंत फिरले आणि आतून 'कट्ट' असा आवाज आला. हॉर्न मुका, एअरबॅगचा लाल दिवा चालू. मामांनी स्टिअरिंग उतरवून डबी उघडली. फीत तुटली होती. एका बाजूला ती पुरलीच नव्हती.

"हात चुकला माझा," मामा गिऱ्हाइकाला म्हणाले. मी बाजूला मोबाईल धरून उभा होतो. तोंड उघडले नाही.

रात्री तेच पान पुन्हा काढले. स्पायरलची मधली स्थिती, म्हणजे दोन्हीकडे फिरायला सारखी फीत उरेल अशी. ती कशी मोजायची हे पुढच्याच ओळीत होते. राज्यशास्त्राच्या पेपरात याच शब्दासाठी 'तटस्थ' लिहून मी गुण घेतले होते. गॅरेजात उभा राहिलो आणि शब्दाला एकच अर्थ उरला.

सकाळी मामांना सांगितले. ते पाना पुसत होते.

"मला तवाच वाटलं," ते म्हणाले. "पण तू शिकलेला."

ते रागाने म्हणाले असते तर बरे झाले असते.

दुसरा जुना स्पायरल छत्रपती संभाजीनगरच्या भंगारातून आला. पैसे मामांचेच गेले. गिऱ्हाइकाला खरे सांगतो म्हटले, तर त्यांनी मान हलवून नको म्हटले आणि डबी माझ्या हातात दिली. मी हलक्या हाताने ती एका टोकाला नेली, मग दुसऱ्या टोकापर्यंत वळसे मोजले. पाच भरले. अडीच मागे घेतले. खुणेसमोर खूण आली.

"परत एकदा मोज," मामा म्हणाले.