सगळं स्मॉलमध्येच हवं!

आपल्या देवनागरीत एक सुख आहे. क म्हणजे क. वाक्याच्या सुरुवातीला आला म्हणून तो अंगाने फुगत नाही. कॅपिटल-स्मॉल ही भानगड रोमन लिपीची. खिळे जुळवणारे कॅपिटल अक्षरं वरच्या पेटीत आणि स्मॉल खालच्या पेटीत ठेवायचे, म्हणून अपरकेस आणि लोअरकेस. पेट्या गेल्या, ताप आमच्या डोक्याला राहिला.

रिक्वायरमेंट येते एका ओळीची: "युजरनेम सगळं स्मॉलमध्येच टाइप झालं पाहिजे." कारण रास्त असतं. एक सचिन कॅपिटल एसचा आणि एक स्मॉल एसचा, असे दोन वेगळे सचिन कुणाला नको असतात.

पहिला उपाय म्हणजे कीबोर्डला सांगायचं, बाबा रे, पहिलं अक्षर आपणहून मोठं करू नकोस. आयफोन आणि अँड्रॉइड, दोन्हीकडे ही सोय आहे. पण ती नुसती विनंती. कुणी शिफ्ट दाबलं किंवा कुठूनतरी कॉपी-पेस्ट केलं, की संपलं.

मग लोक इरेला पेटतात. प्रत्येक अक्षरानंतर आख्खा मजकूर स्मॉल करून परत खान्यात टाकायचा. अँड्रॉइडवर टेक्स्टवॉचरमध्ये हे जपून नाही केलंत, तर तुमचा बदल हाच नवा बदल ठरतो आणि वॉचर स्वतःलाच हाका मारत बसतो. त्यातून वाचलात तर कर्सर टुणकन उडी मारून पहिल्या अक्षराच्या आधी. इनपुटफिल्टर त्यातल्या त्यात बरा. (अँड्रॉइड ऑलकॅप्स नावाचा तयार फिल्टर देतं, ऑललोअर मात्र नाही. का, देव जाणे.) पण शब्द अर्धवट असताना कीबोर्डने त्यावर ठेवलेल्या खुणा फिल्टरने पुसल्या, तर अक्षरं दोन-दोनदा उमटतात.

आणि तुर्की! तिथे आय दोन आहेत, एक टिंबाचा, एक बिनटिंबाचा. साध्या कॅपिटल आयचं स्मॉल रूप तिथे बिनटिंबाचं. जावात भाषा न सांगता स्मॉल करायला लावलं, की ते फोनची भाषा धरतं. म्हणजे तुर्की फोनवर कॅपिटलमध्ये लिहिलेल्या 'अॅडमिन'मधला आय टिंब गमावतो आणि सर्व्हर म्हणतो, असा कुणी माणूसच नाही. तिथे लोकेल रूट सांगावं. कॉटलिनने २०२१ साली १.५ आवृत्तीत आणलेलं 'लोअरकेस' फंक्शन फोनच्या भाषेला विचारतच नाही, ते उत्तम.

माझं मत विचाराल तर खान्यात ढवळाढवळ करूच नये. माणसाने जे लिहिलं ते दिसू द्यावं, आणि सर्व्हरवर जुळवताना दोन्ही बाजू स्मॉल कराव्यात. माझ्या मावशीच्या फोनने युजरनेमचं पहिलं अक्षर मोठं केलं. तिच्या बँकेचं अॅप 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा' एवढंच म्हणत राहिलं. तीनदा करून पाहिलं, खातं लॉक. पासबुक घेऊन, रिक्षा करून शाखेत गेली, तर तिथे ऐकवलं, "आजी, घरातल्या मुलांकडून करून घेत जा." एकोणतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. आता म्हणते, "मला ते मोबाईलचं नाही रे जमत." तिला सगळं जमत होतं हो! जुळवणीच्या ठिकाणी एक ओळ कुणीतरी लिहिली नव्हती.

पासवर्डला अर्थातच हात लावायचा नाही, तिथे कॅपिटल-स्मॉलचा फरक हवाच असतो. आणि साध्या मजकुराच्या खान्यालाही नाही. बरहावर मराठी लिहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे स्मॉल एनचा न, कॅपिटलचा ण. स्मॉल एलचा ल, कॅपिटलचा ळ. सगळं स्मॉल केलंत तर पाण्याचं पानी आणि काळाचं काला. मराठीची सरळ हिंदी होते.