नवं सर्क्युलर आणि जुनी करंगळी

बँकेतल्या कारकुनाचं डोकं झिजतं असा एक समज आहे. डोकं वापरलं तर झिजणार! झिजते ती करंगळी. कंट्रोलची कळ कीबोर्डाच्या पार खालच्या कोपऱ्यात, आणि तिथवर पोचायला देवाने एवढंच बोट दिलेलं. दिवसभर मुरबाडच्या शाखेत आणि रात्री शहापूरला घरी लेख लिहिताना, दर दोन ओळींनी कंट्रोल-एस. कारण आमच्याकडे वीज जाताना विचारून जात नाही. शेवटी करंगळी वाकेना. डॉक्टर म्हणाले, "विश्रांती द्या." आता करंगळीपुरती रजा बँकेत कुठे मिळते?

माझ्या कॉम्प्युटरवर पुतण्याने 'विम' नावाचा एडिटर घातलाय. ब्राम मोलेनार या डच गृहस्थांनी तो १९९१ मध्ये लोकांना खुला केला. फुकट वापरा, जमलं तर युगांडातल्या मुलांना मदत करा, एवढंच त्यांचं मागणं. कुठल्या कळीने काय व्हावं हे त्यात आपण एका फायलीत लिहून ठेवायचं. पुतण्याने कंट्रोल-एसची ओळ खोडून तिथे एफ-टू लिहिलं. मराठी चालू असो की इंग्रजी, एफ-टू ती एफ-टूच.

"आता बंद करून परत उघडायचं?" मी धास्तावून विचारलं. लेख अर्धा झालेला, आणि एडिटर मिटला की खोडलेली वाक्यं परत आणायची सोय एरवी जाते. माझी बरी वाक्यं बहुतेक खोडलेल्यांतच असतात.

"छे हो काका!" त्याने 'सोर्स' असा हुकूम दिला. एडिटर ती फाईल सकाळी, म्हणजे उघडताना, एकदाच वाचतो. सोर्स म्हटलं की चालू कामात पुन्हा वाचतो. एफ-टू दाबलं, लेख सेव्ह! कर्सर जागचा हलला नाही. आमच्याकडे साधा शिक्का बदलायचा तरी काउंटर बंद ठेवतात.

पण गंमत पुढेच. कंट्रोल-एसही चालूच! फायलीतून ओळ गेली तरी एडिटरच्या डोक्यातून जात नाही. त्याला 'अनमॅप' असं वेगळं सांगावं लागतं. हे मात्र मला लगेच पटलं. नवं सर्क्युलर आलं म्हणून जुनं रद्द झालं, असं बँकेतही कुणी धरत नाही. दोन्ही फॉर्म भरून घेतात.

पुतण्याने अनमॅप केलं. एडिटर विसरला. करंगळी अजून कोपऱ्यात जाते.

"काका, तुम्हालाच एकदा बंद करून सुरू करायला हवं."

"रविवारी जेवण झालं की होतात की बंद," स्वयंपाकघरातून आवाज आला. "चहाशिवाय सुरू होत नाहीत."