पुढचा तक्ता

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. घरचं वावर बुलढाण्यात, मेहकर तालुक्यात. तिकडे कागद म्हटला की सातबारा. कागद एक, गावनमुने दोन: सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये त्या हंगामात पेरलं काय.

स्टोअर्ड प्रोसिजरही अशीच असते. एकदा बोलावली की दोन-तीन तक्ते एकामागोमाग देऊ शकते. सी शार्पमध्ये ‘रीड’चा लूप पहिला तक्ता संपला की थांबतो. एरर येत नाही. पुढच्यासाठी ‘नेक्स्टरिझल्ट’ म्हणावं लागतं. पीएचपीत मायएसक्यूएल निदान कुरकुरतं: उरलेला तक्ता उचलला नाही, तर त्याच कनेक्शनवरची पुढची क्वेरी अडते.

मला धास्ती त्या शांत थांबण्याची. समजा, सातबारा असाच दोन तक्त्यांत आला. स्क्रीनवर नाव, गट नंबर, क्षेत्र, सगळं बरोबर. फक्त सोयाबीन गायब. आणि हमीभावाच्या खरेदीला लागते ती पिकाचीच नोंद. २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः वावरात उभा राहून ती मोबाइलवर फोटोसह करतो. त्याने त्याचं काम केलेलं असतं.

म्हणून कुणाचाही कोड तपासताना माझा पहिला प्रश्न ठरलेला: प्रोसिजर किती तक्ते देते, आणि आपण किती वाचतो?