दाताची पारख

आमच्या शेळगावात पूर्वी बैलगाडी बाभळीची असायची. कालव्याच्या पट्ट्यातला ऊस भवानीनगरच्या कारखान्याला न्यायचा तर चाक दणकट हवं, आणि बांधावर बाभळीइतकं चिवट लाकूड दुसरं नव्हतं. तीच बाभूळ सुताराचा घामही काढायची. म्हणून सुतारमामा आधी करवत दोन फळ्यांत आवळायचे आणि तिकोनी कानस घेऊन दातांपाशी बसायचे. आम्हा पोरांना वाटे, काम अजून सुरूच झालं नाही. अर्धं काम तिथेच होत असे.

लाकूड उभं चिरायचं असेल, तर दाताची पुढची कड जवळजवळ काटकोनात. प्रत्येक दात पटाशीसारखा लाकडाच्या रेषांची, म्हणजे तंतूंची, टोकं छाटत जातो. आडवं कापायचं, तर तीच कड १५ अंशांच्या आसपास मागे कललेली आणि कानस तिरकी धरून लावलेली धार. मग रेषा आधी तुटते, भुसा नंतर निघतो. चिरण्याच्या दातांनी आडवं कापलं की रेषा उपटल्या जातात, करवत अडते, खांदे भरून येतात. कड पुढे झुकवली तर जोर कमी लागतो खरा, पण दात लाकडात घुसून रुततो. दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवले की काप पात्याहून रुंद होतो, पातं घासत नाही. ओल्या बाभळीला हा वाक जास्त, सुक्या सागाला कमी. वाजवीपेक्षा रुंद काप म्हणजे फुकटची मेहनत. कोन चुकला तर मनगट दुखायचं मामांचंच, म्हणून ते इतके काटेकोर.

आता गाड्या लोखंडी, चाकं रबरी. सुताराकडे उरली दारं-खिडक्या आणि प्लायवूडची कपाटं. कापायला मोटारीची करवत आली; तिच्या गोल पात्याच्या दातांना टंगस्टन कार्बाइडची टोकं असतात. त्यांना साधी कानस लागत नाही, धार हिऱ्याच्या चाकावर लावावी लागते. १० इंची पात्याला चिरण्यासाठी साधारण २४ दात, आडव्या सफाईदार कापासाठी ६० ते ८०. वेगात आणि सफाईत जुनी करवत याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण मोटारीच्या जोरावर चुकीचं पातंही लाकूड कापतं, आणि दाताची पारख इथेच सुटली. ८० दातांच्या पात्याने जाड फळी उभी चिरली, तर दातांमधल्या लहान खाचा भुशाने भरतात, पातं तापतं, लाकूड काळं पडतं, आणि फळी उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो.

मशीनवर उभ्या राहणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे: बटण दाबण्याआधी काप उभा की आडवा ते बघा, मग पात्याचे दात बघा, आणि जुळत नसतील तर पातं बदला.