दुसरी नोट

माझ्या पिशवीत दोन-तीन पेचकस, ॲलन चाव्यांचा जुडगा, स्पिरिटची बाटली, एक मऊ ब्रश आणि दहा रुपयांच्या शंभर नोटांची एक गड्डी असते. हत्यारं झिजतात, हरवतात, बदलतात. गड्डी वर्षानुवर्षं तीच आहे. वाईटातल्या वाईट नोटा हुडकून ती बांधली आहे. घामानं मऊ पडलेल्या, चार घड्यांच्या, कान दुमडलेल्या, तेल पिऊन आरपार दिसू लागलेल्या. जुन्या नोटा 137 मिलिमीटर लांबीच्या, मध्येच 2018 नंतरच्या चॉकलेटी, 123 मिलिमीटरच्या. एक नोट कडेनं फाटलेली आणि चिकटपट्टीनं जोडलेली आहे. तिची हकिगत शेवटी सांगतो. दुरुस्त केलेल्या यंत्रातून ही गड्डी एकदा सरळ आणि एकदा उलटी करून घालायची. दोन्ही वेळा 100 आलं, तरच मी सहीसाठी कागद पुढे करतो.

मी पांढरकवड्याचा. नोटा मोजायची आणि निवडायची यंत्रं दुरुस्त करतो. आमचं गाव नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर. वर करंजी, खाली पाटणबोरी आणि पैनगंगेपलीकडे तेलंगण, एका अंगाला घाटंजी, दुसऱ्या अंगाला मारेगाव-वणी, हे माझं शिवार. बँका, पतसंस्था, पेट्रोल पंप आणि हंगामात कापसाच्या व्यापाऱ्यांच्या गाद्या. फोनवर बहुतेकदा एकच वाक्य असतं, "भाऊ, मशीन नोटच घेऊन नाही राह्यली." या तक्रारीची मला भीती नाही. रबर पुसलं, पट्टा ताणला, काम झालं. पण "घेते बरोबर, हिशोब जुळून नाही राह्यला" असं कानावर आलं की पोटात गोळा उठतो. नोट न घेणारं यंत्र निदान तसं सांगतं तरी. दोन घेऊन एक सांगणारं यंत्र माणसाला बुडवतं.

शाखेत झाकण उघडलं की शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे वाकून बघतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, नोट ओढते कशी? मी त्यांना दुसरी नोट दाखवतो. वरच्या हौदात, म्हणजे हॉपरमध्ये, गड्डी ठेवली की खालचा रबरी रोलर सगळ्यांत खालच्या नोटेला पुढे सरकवतो. पुढे मोठा फीड रोलर तिला उचलतो. त्याच्या डोक्यावर, जवळजवळ टेकून, आणखी एक रबर असतं. ते एकतर फिरतच नाही, नाहीतर उलट्या दिशेनं सावकाश फिरतं. पहिली नोट या दोघांच्या फटीतून निघून जाते. तिच्या पाठीला चिकटून दुसरी आली, तर हे वरचं रबर तिला तिथंच धरून ठेवतं. या यंत्राचं सगळं शहाणपण त्या धरून ठेवण्यात आहे.

त्यामागचं गणित आहे साधंच. फीड रबराची कागदावरची पकड सगळ्यांत जास्त हवी, उलट्या रबराची त्याहून कमी, आणि कागदाची कागदावरची सगळ्यांत कमी. फटीत एकच नोट असेल तर दोन रबरांच्या ओढाताणीत खालचं जिंकतं. दोन असतील तर खालची नोट खालच्या रबराबरोबर जाते, वरची वरच्यापाशी थांबते, आणि दोघींच्या मध्ये कागद कागदावरून घसरतो. ही उतरंड बिघडली की आकडा बिघडला. पावसाळ्यात ओल धरलेल्या नोटा एकमेकींना सोडत नाहीत, म्हणजे तिसरी पायरी दुसरीच्या वर चढते. रबर चकाकायला लागलं की पहिली पायरी ढासळते. चकाकलं रबर म्हणजे मेलं रबर, असं आमच्यात म्हणतात. स्पिरिटनं पुसून, पॉलिशपेपरचा हलका हात देऊन त्याला थोडे दिवस जगवता येतं, एवढंच.

फट किती ठेवायची ते पुस्तकात असतं, पण पुस्तकातली नोट कधी घामेजलेली नसते. म्हणून मी यंत्र बंद ठेवून एक नोट हातानं फटीतून ओढतो. दाराच्या कडीत अडकलेला पदर सोडवताना लागतो तेवढाच ताण हाताला लागायला हवा. मग दोन नोटा एकीवर एक घालून पुढे सरकवतो. खालची यावी, वरची राहावी. पेच अर्धा फेरा जास्त फिरला तर नोट फाटते, अर्धा कमी फिरला तर दोघी हातात हात घालून निघून जातात.

जुन्या कॅशियरचा हात बघा, त्यात हे यंत्र आधीपासून आहे. स्पंजच्या डबीत ओला केलेला अंगठा नोट ओढतो, मागून टेकलेली तर्जनी उरलेल्यांना थोपवते. मध्येच एखादी नोट जाड लागली की चिमटीत चोळून बघायची, एकीच्या दोन निघतात का. यंत्रात ते काम उजेड करतो. नोटेच्या एका बाजूनं अदृश्य उजेड सोडायचा आणि पलीकडे किती पोचला ते पाहायचं. कमी पोचला तर दोन नोटा आहेत, किंवा एकच आहे पण फार मळलेली. दोन नोटा आणि एक मळकी नोट यांतला फरक यंत्राला कसा कळावा, हा माझ्या धंद्यातला जुना त्रास.

हे काम शिकून आलो तेव्हा ओसरीवर एक जुनं यंत्र खोलून बसलो होतो. बाबा शेजारी येऊन उकिडवे बसले. त्यांची उमर जिनिंगात गेली, डबल रोलर जिनांवर. त्या जिनात चामड्याच्या चकत्या दाबून केलेला रोलर कापसाचा तंतू पकडून ओढतो. रोलरला टेकून एक स्थिर पातं असतं. त्या फटीतून तंतू जातो, सरकी जाऊ शकत नाही, आणि खालीवर हलणारं दुसरं पातं तिला ठोकून मोकळी करतं. बाबांनी माझे रोलर बोटानं फिरवून पाहिले, वरचं रबर दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हे त आपलंच जिन हाय रे." मग थोड्या वेळानं, "रुई त कोणीबी ओढते बाबू. सरकी अडली पाह्यजे."

मला कंपनीच्या प्रशिक्षणात जे आठ दिवसांत समजलं नव्हतं ते ओसरीवर समजलं. चामडं घासून गुळगुळीत झालं की जिन नुसतं फिरतं, म्हणून रोलरवर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. पातं फार रेटून बसवलं तर चामडं जळकं वास मारतं, सैल बसवलं तर सरकी फुटून रुईत जाते. पाच क्विंटल कापसाची 170 किलोची एक गाठ होते. त्यात सरकीचे तुकडे किती, त्यावर भाव हलतो. बाबा ते सगळं कानानं ऐकत. फटीतून येणारा आवाज बदलला की जेवणाचा डबा तसाच ठेवून उठत.

त्यांना मी त्या दिवशी आणखी एक गोष्ट दाखवली. यंत्राच्या पोटातून ब्रशनं झाडलेली धूळ. ती घरातल्या धुळीसारखी करडी नसते. पांढुरकी, मऊ असते, चोळली तर बोटांत वळते. आपल्या नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, 100 टक्के कापसाचा असतो. हजारो नोटा रबराखालून गेल्या की तो कापूस परत पिंजला जातो आणि सेन्सरच्या काचांवर बसतो. बाबांनी ती चिमटीत धरून उजेडात पाहिली. "आखूड धाग्याची हाय," म्हणाले. आमच्याकडे कापसाला पांढरं सोनं म्हणतात. माझ्या कचऱ्याच्या डब्यात ते रोज थोडं थोडं पडतं.

आता माझी एक चूक सांगतो. धंद्यातली पहिली दोन वर्षं होती. एका शाखेतून सारखा फोन यायचा, यंत्र मळक्या नोटांना दोन समजून दर मिनिटाला थांबतं, काउंटरवर रांग चिडते. मी गेलो, दोन नोटा ओळखणारा सेन्सर थोडा बोथट केला, वर फटही सैल केली. यंत्र धावायला लागलं. सगळे खूश, चहा आला. तीन आठवड्यांनी कळलं, तिथल्या कॅशियर मॅडमना 500 रुपये खिशातून भरावे लागले होते. पाकिटात 101 नोटा गेल्या होत्या आणि यंत्रानं 100 सांगितलं होतं. घेणारा परत आला नाही. मी पैसे घेऊन गेलो तर त्यांनी घेतले नाहीत. एवढंच म्हणाल्या, "थांबत होतं तेच बरं होतं, दादा." त्यानंतर मी कुणाच्याही घाईसाठी तो सेन्सर बोथट केला नाही. रांग चिडते, मग मी बाहेर जाऊन उभा राहतो.

नोट पकडली, एकटी केली, तरी काम निम्मंच झालेलं असतं. मिनिटाला हजार, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा नोटा फटीतून सुटतात. तशाच सुटल्या तर समोर आपटून, उसळून, आडव्यातिडव्या पडतील. म्हणून खाली एक चक्र असतं, वाकड्या लवचीक पाकळ्यांचं. आम्ही त्याला पंखा म्हणतो, पण तो वारा घालत नाही, उलट नोटेचा वेग पिऊन टाकतो. धावत आलेली नोट दोन पाकळ्यांच्या मधल्या खाचेत शिरते, घासत मंदावते, पाकळीबरोबर पाव फेरा खाली येते आणि आडव्या पट्टीला टेकली की पाकळीतून अलगद निघून आधीच्या नोटेवर बसते. एक पाकळी तुटली की थर वाकडा होतो. असा वाकडा थर दिसला की मी झाकण न उघडताच कुठली पाकळी गेली ते सांगतो, आणि लोकांना ती जादू वाटते.

कागद पकडण्याच्या आणखी तऱ्हा आहेत. पाकीट न सोडता मोजणाऱ्या मोठ्या यंत्रात रबर नसतं, हवा असते. पाकीट एका बाजूनं शिकंज्यात धरलेलं, आणि फिरणाऱ्या नळ्या एकेका नोटेचा मोकळा कोपरा पोकळीनं शोषून पलटत जातात, पोथीची पानं उलटावीत तशा. हवा आणि लोखंडी बोटं एकत्र मी पहिल्यांदा पाहिली ती लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये, जुन्या हायडलबर्गवर. शोषकं कागद उचलून देत आणि फिरत्या हाताची पकड तो छापायला नेऊन दुसऱ्या बाजूला थप्पीवर ठेवी. प्रेसवाला कागद लावण्याआधी थप्पी फडफडवून पानांमध्ये वारा भरायचा. मीही हौदात घालण्याआधी गड्डी तशीच फडफडवतो.

रिझर्व्ह बँकेनं 2001 मध्ये पाकिटांना पिना मारणं बंद करायला लावलं, त्याचे आभार माझ्याइतके कुणी मानले नसतील. पिनेचा एक तुकडा रबरात रुतला की दिवसभर प्रत्येक नोटेवर ओरखडा उठतो. 2009 मध्ये नियम आला की 100 आणि त्यावरच्या नोटा यंत्रावर तपासल्याशिवाय पुन्हा बाहेर द्यायच्या नाहीत. तेव्हापासून निवडणारी यंत्रं आली. चांगल्या एका कप्प्यात, मळक्या दुसऱ्यात, शंका असलेल्या वेगळ्या. पण तिथंही पाया तोच. दोन नोटा एकत्र गेल्या तर यंत्रानं खालची तपासली, वरची न बघताच पास केली.

नोव्हेंबर 2016 मध्ये वेचणीच्या ऐन हंगामात नोटाबंदी झाली. जुनी 500ची नोट 167 मिलिमीटर लांब, 73 रुंद होती. नवी 150 लांब, 66 रुंद. एटीएमचे कप्पे बदलावे लागले ते सगळ्यांना आठवतं. हौदांच्या बाजूच्या पट्ट्या सरकवत मी गावोगाव हिंडत होतो ते कुणाला आठवायचं कारण नाही. एका खिडकीत ट्रंकेतल्या, डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या, चौघडी पडलेल्या जुन्या नोटा येत होत्या. दुसऱ्या खिडकीतून कोऱ्या नोटा जात होत्या, कडा एकमेकींत दबून बसलेल्या, एकीला दुसरीपासून सोडवायची नाही अशा. एकाच यंत्रावर दोन्ही. सकाळी फट आवळायची, दुपारी सैल करायची. त्या दिवसांत रांगेतली एक बाई, हाताला पऱ्हाटीचे ओरखडे असलेली, मिळालेले पैसे यंत्राच्या आकड्यावर विसंबून न राहता बाजूला बसून मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं गड्डी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा मोजली. माझी सरळ-उलटी तपासणी मी कंपनीत शिकलो असं सांगत असे. ते सांगणं मी त्या दिवसापासून बंद केलं.

आता त्या चिकटपट्टीच्या नोटेची हकिगत. पाटणबोरीकडच्या एका दुकानात यंत्र नीट करून मी माझी गड्डी घातली. आकडा आला 99. म्हणजे कुठेतरी दोन एकत्र गेल्या. पेच थोडा आवळला. उलटी घातली, 99. रबरं पुसली, सेन्सर पुसला, आणखी आवळला. 99. दुकानदार गल्ल्यावरून बघत होता. मी पुन्हा अर्धा फेरा दिला, आणि एक नोट कडेपासून मधोमध फाटत आत गेली. मग मात्र मी खाली बसलो, अंगठ्याला पाणी लावलं आणि हातानं मोजल्या. फाटलेली धरून 99.

"सकाळी नाक्यावर चहा घेतला होता का?" दुकानदारानं विचारलं. घेतला होता. सुटे नव्हते म्हणून पिशवीत हात घातला होता.

त्यानं गल्ल्यातून दहाची एक नोट काढून दिली; मी मजुरीतून वळती करायला सांगितली. फाटलेलीला चिकटपट्टी लावली, पेच होता तिथं परत आणला, गड्डी घातली. पट्टीची नोट रबराखालून जाताना बारीकसा टक असा आवाज आला. अजूनही प्रत्येक यंत्रात तो येतो. तो आला की मी पेचावरचा हात काढतो आणि आधी खिसे तपासतो.